जोंधळ्याचं पान, बुबुळाचं झाकण

सई आणि अनय,

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर सईने चष्मा काढून डोळे मिचकावले आणि विचारलं, "आजी, मी लेसर करून घेऊ का? तू डोळ्यांच्या दवाखान्यात होतीस ना?" मी म्हटलं, लिहून कळवते. तुमच्या आईला वाटलं मी टाळते आहे. तसं नव्हतं. एकतीस वर्षं ज्या कामात गेली त्याबद्दल तोंडी उत्तर द्यायची मला सवय नाही. आमच्याकडे तोंडी रिपोर्ट चालत नसे. त्यातच इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा निरोप आला की तुमच्या कामाबद्दल लिहा. तेव्हा दोन्ही कामं एका लिखाणात उरकते आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, हे खरं. माझं शिक्षणही सगळं इंग्रजीतच झालं. पण यातली माणसं माझ्याशी मराठीत बोलली, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत घातलं की ती सगळी एकाच शाळेत शिकल्यासारखी वाटतात. आईकडून वाचून घ्या.

मी डॉक्टर नव्हते. सोलापुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात लॅब सांभाळायचे. डॉक्टर वरच्या मजल्यावर, मी खाली जिन्याशेजारच्या खोलीत. त्यांच्याकडे माणसं यायची, माझ्याकडे माणसांच्या डोळ्यांतला मोहरीच्या दाण्याहूनही लहान ऐवज यायचा, काचेच्या पट्टीवर पसरलेला. तो कशाचा आहे हे सांगायचं, एवढंच माझं काम. जिवाणू, बुरशी, का नुसताच कचरा. स्टाफमधल्या मुली मला मागे "बुरशीच्या बाई" म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं आणि फारसं वाईट वाटत नसे.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक स्वच्छ पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात, आमच्याकडची माणसं सरसकट बुबुळ म्हणतात. ही काच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. तिच्यावर ओरखडा उठला आणि त्यातून बुरशी आत शिरली, तर काचेवर पांढरा ठिपका दिसायला लागतो. तो वाढत जातो. वेळेत थांबला नाही तर तिथे कायमचा डाग राहतो, त्याला फूल पडणं म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतकं सुंदर नाव कोणी दिलं असेल, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात पडला होता. अजून सुटलेला नाही.

बुरशी येते कुठून, हे मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शिकवलं. तो अक्कलकोटच्या बाजूचा, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारा. डोळ्याला पट्टी, हातात रुमालाची पुरचुंडी. डॉक्टरांना न भेटता थेट माझ्या खोलीत आला आणि पुरचुंडी टेबलावर सोडली. आत जोंधळ्याचं एक वाळकं पान होतं, म्हणजे तुमच्या भाषेत ज्वारीचं. "ह्योच त्यो," म्हणाला. "ह्याला तपासा. माज्या डोळ्याला कशाला तरास देताय?" मी त्याला समजावून वर पाठवलं, पण मग बसल्या बसल्या खरंच त्या पानाचा तुकडा जंतू वाढवायच्या प्लेटवर ठेवला आणि प्लेट ऊब द्यायच्या पेटीत सरकवली. चौथ्या दिवशी प्लेटवर पांढरी, हिरवी, काळी अशी लोकर दाटून आली होती. पान, पेंढी, कडबा, रस्त्यावरची धूळ, सगळीकडे ती असते. शाबूत डोळ्याला तिची भीती नाही. ओरखडा पडला की तिला दार मिळतं. म्हाताऱ्याचं पुढच्या खेपेला मी कौतुक केलं. तो म्हणाला, "मग आता त्याला शिक्षा काय?" डोळा त्याचा वाचला.

सगळ्यांचा वाचला नाही, आणि त्यातल्या एकीचा माझ्यामुळे. श्रीपूरच्या कारखान्यावर ऊस तोडायला आलेली बाई होती. उसाचं पान डोळ्यात गेलेलं. त्या दिवशी माझ्याकडे रांगेत बऱ्याच पट्ट्या होत्या. बुरशी बघायची पद्धत अशी की पट्टीवर पोटॅशचा थेंब टाकायचा. त्याने डोळ्याच्या पेशी विरघळतात, बुरशीचे धागे तेवढे उरतात. पण विरघळायला वेळ द्यावा लागतो, आणि मग पट्टीचा कोपरा न् कोपरा पाहावा लागतो. मी वेळ दिला नाही. मधला भाग पाहिला, काही दिसलं नाही, "बुरशी नाही" असं लिहून सही केली. डॉक्टरांनी जिवाणूंचं औषध चालू केलं. प्लेटवर लोकर उगवली तोवर पाच दिवस गेले होते. तिचा उजवा डोळा गेला. ती मला कधी भेटलीच नाही. मी फक्त तिची पट्टी पुन्हा काढून पाहिली. धागे होते, अगदी कडेला.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. पट्टी दोनदा पाहायची, मध्ये तासाभराचं अंतर ठेवून. दुसऱ्यांदाही काही दिसलं नाही तर "नाही" लिहायचं नाही. "या नमुन्यात आढळली नाही, शंका असल्यास पुन्हा नमुना पाठवावा," असं लिहायचं. नव्या डॉक्टरांना ही वेळकाढूपणाची भाषा वाटायची. वाटू दे, म्हटलं.

आता सईच्या प्रश्नाकडे येते.

निवृत्त व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात मंगळवेढ्याजवळच्या एका गावातून शीतल आली. तेवीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. लहानपणापासून जाड चष्मा. भरतीसाठी तिने पुण्याला जाऊन दोन्ही डोळ्यांचं लेसर करून घेतलं होतं. ऑपरेशन उत्तम झालं होतं. सहा आठवडे लोटले, ती रोज पहाटे पळायला जात होती.

लेसर म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगते. बुबुळाच्या काचेचा वरचा पातळ थर झाकणासारखा कापतात, एका बाजूला बिजागरीसारखा चिकटलेला ठेवतात. झाकण उघडायचं, आतला भाग लेसरने घासून नंबर काढायचा, झाकण परत बसवायचं. टाके नाहीत. झाकण आपोआप चिकटतं, पण पहिल्यासारखं एकजीव फार उशिरा होतं.

जानेवारीत शीतलच्या वडिलांनी पाहुण्यांना हुरडा खायला बोलावलं. पोरीचा चष्मा गेला, त्याचा आनंद. हुरडा म्हणजे जोंधळ्याची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरावर भाजून, हातावर चोळून खायची. कणसं मोडून आणायला शीतल शेतात शिरली आणि एक पान सपकन उजव्या डोळ्यावर बसलं. आधी चष्मा असायचा, तो पान अडवायचा. आता मध्ये काहीच नव्हतं. चष्म्याची मुलगी शेतात कशी वावरते आणि बिनचष्म्याची कशी, हे तिच्या अंगात अजून मुरलं नव्हतं.

डोळा लाल झाला, पाणी वाहायला लागलं. घरी पुण्याच्या थेंबांची उरलेली बाटली होती. शीतल माझ्यासारखीच नीटनेटकी. ती बाटली तिने झाकण घट्ट लावून, डबीत घालून, फ्रिजच्या दारात जपून ठेवली होती. एवढ्या मोठ्या डॉक्टरांचं औषध, ते याच डोळ्याचं, मुदतही संपलेली नाही. तिने दिवसातून चार वेळा थेंब घालायला सुरुवात केली आणि दोन दिवसांत लाली गेली. तिला वाटलं, सुटले.

ते थेंब स्टेरॉइडचे होते. ऑपरेशननंतर सूज येऊ नये म्हणून देतात, आणि तेव्हा ते अगदी योग्य असतात. पण लाली म्हणजे शरीराने शत्रूवर धाडलेली माणसं. स्टेरॉइड त्या माणसांना घरी पाठवतं. बाहेरून सगळं शांत, आणि आत बुरशीला मोकळं रान. बाराव्या दिवशी तिला त्या डोळ्याने धुक्यातून पाहिल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा गावच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि त्याच दिवशी एसटीने सोलापूरला धाडलं.

आमचे डॉक्टर मुजावर तेव्हा चाळिशीचे. बुबुळाच्या कामात हुशार आणि बोलायला तिखट. त्यांनी बाटली पाहिली आणि कपाळाला हात लावला, पण तिला रागावले नाहीत. मला खाली फोन करून म्हणाले, "मॅडम, पट्टी पाठवतोय. लेसर झालेला डोळा आहे, पानाचा मार, वर स्टेरॉइड. तुमच्या नियमाने बघा."

मी नियमाने पाहिली. दोनदा. काहीही नव्हतं. ना धागा, ना जिवाणू. अशा वेळी मोह होतो. लेसरनंतर होणाऱ्या जंतुसंसर्गात एक सावकाश वाढणारा जिवाणूही असतो, डॉक्टरांचा कल तिकडे झुकत होता, आणि त्याचं औषध लगेच सुरू करता आलं असतं. मी ठरलेलं वाक्य लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. नमुना कुठून घेतला होता? ठिपक्याच्या वरून. म्हणजे झाकणाच्या वरून.

मी सहसा वर जात नसे. त्या दिवशी गेले. बाहेर बाकांवर माणसं खच्चून बसलेली, आणि खोलीत शीतल, तिचे वडील आणि मुजावर. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही मला डब्याच्या झाकणावरचं पाठवलंत. जे काही आहे ते डब्यात आहे."

झाकण पुन्हा उघडणं सोपं नव्हतं. आतून पोखरलेलं असेल तर ते उचलतानाच फाटेल, आणि फाटलं तर डाग ठरलेला. उघडलं नाही आणि आत बुरशी असली, तर चुकीच्या औषधावर पाच-सहा दिवस जाणार. पाच दिवसांत काय होतं ते मला माहीत होतं. मुजावरांनी पुण्याच्या सर्जनना फोन लावला. ते गृहस्थ मोठ्या मनाचे. आमचं चुकलं, तुमचं चुकलं, असलं काही मध्ये न आणता म्हणाले, उघडा, आजच उघडा.

अडले ते शीतलचे वडील. डोक्याला टापर, म्हणजे कानांवरून बांधलेलं फडकं; उंच, शांत माणूस. ती त्यांना आण्णा म्हणायची. त्यांचं म्हणणं एकच, आणि ते त्यांनी तीन-चार प्रकारे सांगितलं: पुण्यात जे बसवलं ते बसलेलं आहे, औषध द्या, उघडाउघडी नको. त्यांच्या हौसेच्या हुरड्यातून हे झालं होतं. आता आणखी एका गोष्टीला त्यांचा हात लागायला नको होता. मुजावरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आण्णा चित्राकडे बघत म्हणाले, "डाक्टर, उघडल्यावर काय न्हाय निगालं मग?"

कोणी काही बोलायच्या आत शीतल माझ्याकडे वळली. तिचा उजवा डोळा पाण्याने भरलेला, डाव्याने ती मला नीट न्याहाळत होती. "मॅडम, तुमची पोरगी असती तर?"

हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. पट्ट्या असले प्रश्न विचारत नाहीत. मी म्हटलं, "उघडायला लावलं असतं. आणि खाली जाऊन दोनदा पट्टी पाहिली असती."

"मग उघडा," ती म्हणाली. "आण्णा, तुमी सही करू नगा. मी सज्ञान हाय, मीच करती."

आण्णांनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि तिच्या सहीखाली आपलीही केली.

दुपारी मुजावरांनी झाकण उचललं. फाटलं नाही. आतला ऐवज पट्टीवर पसरून त्यांनी तो स्वतः हातात धरून खाली आणला, माझ्या सगळ्या नोकरीत असं एकदाच. मी पोटॅश टाकलं. ते म्हणाले, बघा ना. मी म्हटलं, विरघळू दे. ते माझ्या स्टुलावर बसून पाय हलवत राहिले. मग मी पाहिलं. तिसऱ्याच जागी दिसले: पारदर्शक, फांद्या फुटलेले धागे, आणि उसाला पेरं असतात तशी जागोजाग आडवी पेरं. मी बाजूला झाले. त्यांनी पाहिलं आणि ते जिना चढून गेले. पायऱ्या दोन-दोन घेतल्याचा आवाज मला खाली ऐकू आला. बुरशी सापडल्याचा आनंद होणारी माणसं जगात फार नसतील. आम्ही त्यातले दोघे.

पुढचे दिवस काही विजयाचे नव्हते. बुरशीचं औषध दुधाळ असतं. तासाला एक थेंब, दिवस आणि रात्र. पापण्यांच्या केसांवर त्याचे चुन्यासारखे पांढरे खडे जमायचे. थेंब आण्णा घालायचे. त्यांनी भिंतीला कॅलेंडर लावून तासातासाच्या खुणा केल्या होत्या, आणि नर्सने घालते म्हटलं तरी सोडत नसत. दहाव्या दिवशी ते झाकण विरघळायला लागलं आणि मुजावरांना ते कापून टाकावंच लागलं. त्या दिवशी शीतल पहिल्यांदा रडली. मी वर गेले होते. मला म्हणाली, ज्याच्यासाठी एवढं केलं तेच कापलं की. मी तिला खोटा धीर दिला नाही. म्हटलं, झाकण गेलं, पण औषध आता थेट पोचेल. तिने थोडा विचार केला आणि नाक पुसलं. नीटनेटक्या माणसांना कारण पटलं की ती सावरतात.

तसंच झालं. ठिपक्याची कड आधी धूसर झाली, मग ठिपका आक्रसायला लागला. माझ्याकडे प्लेटवर तीच बुरशी वाढत होती आणि वर तिच्या डोळ्यात मरत होती. महिन्याने शेवटचा नमुना आला. मी तो दोनदा पाहिला, आणि मग माझ्याच नियमाच्या विरुद्ध तिसऱ्यांदा. काही नव्हतं. लिहिलं मात्र तेच: या नमुन्यात आढळली नाही.

तर सई, उत्तर असं. लेसर वाईट नाही. चांगल्या ठिकाणी करून घेणार असशील तर माझी हरकत नाही. पण नंतर उरलेली बाटली फेकून दे. आपल्या घरात कोणी काही फेकत नाही, हे मला माहीत आहे, आणि ती सवय तुला माझ्याकडूनच आली आहे. तरी फेक. डोळ्याला काही लागलं, अगदी झाडाचं पान जरी, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि पहिलं वाक्य हेच बोल की माझं लेसर झालेलं आहे. झाकण आहे हे त्यांना बाहेरून कदाचित दिसणार नाही. अनय, तुला क्रिकेटचा बॉल लागतो तेव्हाही हेच, लेसर असो वा नसो.

शीतलच्या भरतीचंही सांगते. त्या वर्षी शारीरिक चाचणीच्या वेळी तिच्या डोळ्यात तासाला थेंब पडत होते. पुढच्या वर्षी तिने नियम काढून वाचले, डोळ्यांच्या अटी पाहिल्या आणि कोणी सांगायच्या आत स्वतःच तो नाद सोडला. आता तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. मध्ये फोन आला होता. म्हणाली, पळायचं सोडलं नाही, गॉगल लावून पळते.

चौथ्या महिन्यात तिला खास घडवलेली कडक लेन्स मिळाली. खडबडीत झालेल्या बुबुळावर ती लेन्स बसवली की वर पुन्हा गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतो. त्या दिवशी तिची नजर तपासायची होती. मुजावरांनी मला मुद्दाम वर बोलावून घेतलं. म्हणाले, मॅडम, तुमच्या पट्टीवर हे दिसणार नाही.

लांब खोलीच्या टोकाला उजळलेला तक्ता, वर एक मोठं अक्षर, खाली ओळीगणिक लहान होत जाणारी. शीतल खुर्चीत बसली. डावा डोळा झाकला. लेन्सशिवाय तिला वरच्या दोन ओळींपुढे काही दिसलं नव्हतं. आता लेन्स घालून तिने सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथीला थांबली, मान तिरकी केली, वाचली. पाचवी वाचली. सहावीत एक अक्षर चुकलं, तिने स्वतःच दुरुस्त केलं. शेवटची ओळ तेवढी राहिली. मुजावर तोंडाने "हं, हं" करत होते आणि मला दिसेल असा हात मागे धरून बोटं मोजत होते.

आण्णा तिच्या खुर्चीमागे भिंतीला टेकून उभे होते. मुलगी वाचत होती तसा त्यांनीही आपला एक डोळा तळहाताने झाकला होता आणि ओठ हलवत तिच्याबरोबर वाचायला बघत होते. दुसऱ्या ओळीशी त्यांचे ओठ थांबले. हात बदलून दुसरा डोळा झाकला. तरी दुसऱ्याच ओळीशी थांबले. त्यांनी जरा पुढे येऊन पाहिलं.

"डाक्टर," ते म्हणाले, "हिला ह्ये खालचं खरंच दिसतंय का पाठ केलंय हिनं?"

"खरंच दिसतंय."

"मला न्हाय दिसत की वो."

मुजावरांनी तिथूनच त्यांच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि हसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगलाच वाढलेला, ऑपरेशनला आलेला. इतके दिवस हा माणूस त्या डोळ्यांनी, तासाला एक, अचूक थेंब घालत होता.

शीतल उठली. लेन्सच्या डोळ्याने तिने वडिलांकडे नीट पाहिलं, त्यांच्या डोक्याचा टापर काढून आपल्या हातात घेतला आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"बसा हितं," ती म्हणाली. "आता थेंब मी घालती."